झेंडू जाधव आणि मॉनिटर साळवे

पाळीव प्राण्यांच्या गमतीच्या आठवणी लिहा, असं मला या अंकासाठी सांगण्यात आलं. गमतीच्या आहेतच. नाशकात तीस वर्षं मी कुत्र्या-मांजरांची डॉक्टर होते, मागच्या वर्षी दवाखाना एका तरुण डॉक्टर मुलीच्या हाती सोपवून मोकळी झाले. पण आठवायला बसले की गमतीच्या आधी धक्केच आठवतात. सकाळी टेबलावर काय येऊन पडेल याचा आमच्याकडे नेम नसतो, आणि जे येतं त्याहून त्याला घेऊन येणारी माणसं जास्त थक्क करतात.

बाहेरच्यांना वाटतं, या कामात मुख्य त्रास चावण्या-ओरबाडण्याचा. तो आहेच, माझ्या दोन्ही दंडांवर त्याच्या खुणा आहेत. पण खरी अडचण वेगळी आहे. आमचा रोगी बोलत नाही, आणि त्याच्या वतीने बोलणारा माणूस खोटं बोलतो. मुद्दाम नव्हे, मायेपोटी. ‘काल रात्रीपासून काही खाल्लं नाही हो’ याचा अर्थ सकाळी दोन बिस्किटं, थोडी साय आणि बाबांच्या ताटातली अर्धी पोळी एवढं सोडून काही खाल्लं नाही, असा घ्यायचा असतो. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

कॉलेज रोडचं एक कुटुंब सोनेरी केसांचं पिल्लू घेऊन आलं होतं. मी सवयीने त्याला म्हटलं, बस रे बाळा. ते काही बसेना. घरातले चौघेही एकदम म्हणाले, मॅडम, त्याला मराठी कळत नाही. पिल्लू ओझरला जन्मलेलं, घरात सगळा कारभार मराठीत, आजोबा तर मराठीशिवाय दुसरं काही बोलतच नव्हते. पण कुत्र्याशी इंग्रजीतच बोलायचं असतं, असा त्यांचा ठाम समज. मी इंग्रजीत सांगितलं आणि ते खरोखर बसलं. आजोबा माझ्याकडे अभिमानाने बघत होते.

नाशिकरोडच्या एक काकू बोक्याला पिशवीत घालून आल्या. पोट टम्म फुगलेलं. काय खाल्लं विचारलं तर म्हणाल्या, काल श्रावणी सोमवार, उपास होता. मला वाटलं, काकूंचा. नाही, बोक्याचा. त्याने साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर दही खाल्लं आणि संध्याकाळी उपास सोडायच्या वेळी पहिला पानावर हजर होता. हे सगळं त्या इतक्या कौतुकाने सांगत होत्या की रागावायचं राहूनच गेलं.

आणि पिंपळगाव बसवंतचे ते बागायतदार. त्यांचा कुत्रा रोज बागेत मालकाबरोबर फिरे आणि मालक स्वतःच्या हाताने त्याला द्राक्षं भरवी. कुत्र्याला द्राक्षं म्हणजे विष, त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की मी त्यांच्या घराण्याबद्दलच काहीतरी वाईट बोलले असावे. ‘म्याडम, एक्स्पोर्टचा माल हाय. फॉरेनचे लोक खातात,’ एवढंच ते म्हणाले. कुत्रा चार दिवस सलाईनवर राहिला आणि वाचला. पुढच्या हंगामात त्यांनी आभाराची एक पेटी पाठवली, सोबत निरोप की तुमच्या सांगण्यावरून द्राक्षं बंद केली, आता त्याला फक्त बेदाणे देतो. मी हातातलं मांजर टेबलावर तसंच सोडून फोनकडे धावले.

अशा गोष्टी सांगून मी कितीतरी लग्नांच्या पंगती हसवल्या आहेत. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. ती इथे सांगते.

त्यासाठी आधी आमची कामाची पद्धत सांगायला हवी. पहिल्यांदा आलेल्या जनावराचा एक केसपेपर करायचा. त्यावर वर मालकाचं नाव, खाली जनावराचं. मग लसी, औषधं, तारखा. हे कागद लोखंडी कपाटात मालकाच्या आडनावाप्रमाणे लावलेले असत. त्यामुळे दवाखान्यात प्रत्येक कुत्र्याला आपोआप आडनाव लागायचं. ब्रुनो देशमुख, चिंगी शेख, राणी पगार. हाका मारतानाही आम्ही तशाच मारायचो आणि बाकावर बसलेली माणसं हसायची. एकदा पाहिलेलं जनावर मी विसरत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. त्यात खोटं काही आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

झेंडू जाधव हा मखमलाबादकडचा. जाधवांची दोन एकर फुलशेती, जास्त करून झेंडू, थोडा गुलाब. पहाटे नवरा-बायको टेम्पोतून फुलं घेऊन बाजाराला जात, माल उतरवून नऊ-साडेनऊला मोकळे होत. कुत्र्याचा रंग तांबूस पिवळा, म्हणून नाव झेंडू. गावठीच. रात्री मळ्याची राखण करणारा, दिवसभर कुठेतरी हुंदडणारा. त्याला टेम्पोतून, सुतळीला बांधून आणायचे. अंगाला चिखल, केसांत पाकळ्या, आणि स्वभाव असा की तोंड बांधल्याशिवाय सुई टोचता येत नसे. मंदाताई जाधव त्याच्याशी सतत बोलत असायच्या. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, नवऱ्याच्या गळ्यातही. संध्याकाळी परतला की झेंडू आधी त्यांच्या देवघरासमोर झोप काढतो, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

मॉनिटर साळवे हा त्याच बाजूच्या नव्या कॉलनीतला. साळवे सर शाळेतून निवृत्त झालेले, पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा पुण्याला. एका सकाळी हा कुत्रा फाटकाशी येऊन ताठ बसला, तो बसण्याचा थाट बघून सरांनी त्याला मॉनिटर केलं. सकाळी नऊला येई, संध्याकाळी पाचला जाई. जनावराने रात्री मोकळं असावं असं सरांचं मत, म्हणून ते पाच वाजता त्याचा लाल पट्टा काढून खुंटीला लावत. दवाखान्यात यायचे ते रिक्षाने, शनिवारी, कुत्र्याला आंघोळ घालून. मॉनिटर टेबलावर चढला की सरांच्या मनगटावर हनुवटी टेकवून उभा राही. इंजेक्शन दिलेलं त्याला कळायचंसुद्धा नाही.

वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. मला दीड वर्ष कळलं नाही.

तशी सूचना मिळाली नव्हती असंही नाही. एकदा झेंडूचं पोट दुखत होतं म्हणून मी एक्स-रे काढला, तर पोटात कोंबडीची हाडं. मी फोटोवरचं नाव दोनदा वाचलं. मंदाताईंना सांगितलं तर त्या चिडल्याच. आमच्यात अंडंसुद्धा चालत नाय, तो कशाला खाईल, तुमचं मशीन बिघडलंय, असं म्हणाल्या. उकिरड्यावर खाल्लं असेल म्हणून मी विषय मिटवला. पुढे सरांच्या सांगण्यावरून मी मॉनिटरची नसबंदी केली. दोन महिन्यांनी जाधव झेंडूला घेऊन आले, हा हल्ली सुस्तावलाय, वजन वाढलंय, म्हणून. मी पोट चाचपलं, मागे व्रण दिसला आणि मी चाट पडले. याची तर नसबंदी झाली आहे. आम्ही नाय केली, मंदाताई म्हणाल्या, मागं दोन दिवस घरी आला नव्हता तेवढंच. कुणी संस्थेने उचलून नेऊन केली असेल, अशी मी त्यांची समजूत घातली. आणि आज लिहायला लाज वाटते, पण त्या व्रणाकडे बघून मी असंही म्हणाले की टाके मोठे सुबक आहेत, कुणीतरी जाणत्या हाताचं काम आहे.

माझे मदतनीस कदमभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठे, जनावर धरण्यात पटाईत. ते त्या दिवशी हळूच म्हणाले, ‘बाई, हा गेल्या शनिवारी नव्हता का आला?’ मी म्हटलं, कदमभाऊ, गावठी कुत्री सगळी सारखीच दिसतात. आपण नीट कागद बघावा.

मग फिटचं दुखणं सुरू झालं. पहिल्यांदा सरांनी पाहिलं. दुपारी ओट्यावर झोपलेला मॉनिटर अचानक पाय झाडायला लागला, तोंडाला फेस. मी रक्त तपासलं आणि फिटच्या गोळ्या सुरू केल्या, दिवसातून दोनदा. सरांनी एक वेळ तो आल्यावर ठरवली, एक तो जाण्याआधी. त्यानंतर पंधरा दिवसांत एका पहाटे जाधवांच्या अंगणात झेंडूला आकडी आली. मी त्यालाही त्याच गोळ्या दिल्या. मंदाताई एक पहाटे निघताना देत, एक संध्याकाळी तो मळ्यावर परतला की. दोन्ही घरं औषधाच्या बाबतीत इतकी चोख निघाली, की एक वेळ चुकवली नाही.

आठवड्याभरात दोघांचेही फोन आले. तो फार झोपतो, चालताना मागचे पाय लटपटतात. मी दोघांनाही तेच सांगितलं. पहिले काही दिवस गुंगी राहते, गोळी बंद करू नका.

तो शनिवार होता. जाधवांचा टेम्पो दवाखान्याच्या दाराशी थांबला आणि नवरा-बायकोने झेंडूला गोणपाटावर घालून आत आणलं. बाजारातून घरी आल्यावर तो गोठ्याशी आडवा पडलेला दिसला, उठेना. डोळे अर्धे मिटलेले, श्वास मंद, मधूनच पाय हलत होते. मंदाताईंनी त्याचं डोकं हातांत धरलं होतं. नवरा म्हणाला, फिट आली म्याडम, या वेळेला थांबंच ना. मीही तेच धरून चालले. फिट थांबत नसली तर ती थांबवणारं इंजेक्शन शिरेतून द्यायचं असतं. मी ते भरलं. कदमभाऊंनी पाय धरला, मी शीर शोधली.

तेवढ्यात साळवे सर दारात आले. त्यांची त्या दिवशी मॉनिटरला दाखवायची वेळ होती आणि तो सकाळी आलाच नव्हता, हे सांगायला ते गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन आले होते. त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

‘अहो, हा तर आमचा मॉनिटर,’ ते म्हणाले.

नाव ऐकून कुत्र्याच्या शेपटीचं टोक हललं. मंदाताई सरांकडे बघायला लागल्या, मग कुत्र्याकडे. त्यांनी झेंडू म्हणून हाक मारली. टोक पुन्हा हललं.

मी ती सुई कातडीपासून बोटभर अंतरावर धरून उभी होते. तेवढ्या वेळात मला सगळं कळलं, हाडं, टाके, वजन, कदमभाऊंचं म्हणणं, आणि सगळ्यात आधी हे कळलं की ही फिट नाही, ही दुप्पट गोळ्यांची गुंगी आहे, आणि माझ्या हातातलं इंजेक्शन आत गेलं असतं तर त्याचा उरलेला श्वासही थांबला असता. माझ्या हातून जनावरं दगावली आहेत, प्रत्येक डॉक्टरच्या दगावतात. पण इतक्या शांतपणे, इतक्या खात्रीने मी कुणाला मारायला कधी निघाले नव्हते. मी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं आणि सलाईन मागितलं.

मग कामच काम. सलाईन, ऑक्सिजन, उबदार पिशव्या, दर दहा मिनिटांनी श्वास मोजायचा. या औषधाला उतारा असा नाही, ते अंगातून निघून जाईपर्यंत जनावराला धरून ठेवायचं असतं. मध्ये मी कपाटातून दोन्ही केसपेपर काढले, जाधवांचा आणि साळव्यांचा, आणि रोजची मात्रा किती गेली हे बघायला टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सर माझ्या खांद्यापाशी उभे होते. त्यांनी चष्मा लावला. मी कागद घडी करून खिशात घातले आणि म्हणाले, ‘दोन्ही घरांतून गोळ्या गेल्या. त्यामुळे झालंय हे.’

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. आणि तरी ते बोलताना मी काय करतेय हे मला पक्कं ठाऊक होतं.

मंदाताई मटकन बाकावर बसल्या. मीच विष घातलं त्याला माझ्या हातानं, भाकरीत कुस्करून, असं पुटपुटत राहिल्या. सर त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मी पाठ फिरवून सलाईनचे थेंब मोजत राहिले.

पुढचे दोन दिवस दोन्ही घरं आळीपाळीने त्या बाकावर होती. पहिल्या दिवशी तासभर भांडण झालं. कुत्रा कुणाचा, यावरून. मंदाताईंचं म्हणणं, आम्ही याला डोळे उघडले नव्हते तेव्हापासून वाढवलाय, दुसऱ्याच्या जनावराला पट्टा घालायचा म्हणजे चोरीच की. सरांचं म्हणणं, मी त्याला बांधून कधीच ठेवला नाही, तो आपल्या पायाने आला. दुपारी ते भांडण आपोआप विझलं आणि दोघं त्याच्याबद्दल बोलायला लागले. त्याच्या अंगाला साबणाचा वास यायचा, तो आम्हाला फुलांचा वाटायचा, असं मंदाताईंनी सांगितलं. सर म्हणाले, त्याच्या केसांत रोज पाकळ्या असायच्या, मला वाटायचं हा येताना देवळात जाऊन येतो. कदमभाऊ तोंडावर हात धरून बाहेर गेले.

मग खाण्याचा विषय निघाला. सरांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की रविवारी मटण आणि बुधवारी चिकन, आणि त्याला सुकट फार आवडते. मंदाताईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्याला त्यांनी देवघरासमोर निजवलं, ज्याने त्यांचे हात चाटले, त्याच्या या कर्तृत्वाचा त्यांना कुत्र्याच्या दुखण्याइतकाच धक्का बसला असावा. शेवटी त्या म्हणाल्या, ‘सर, तुमच्याकडं काय खाईल ते खाऊ द्या. पण घरी धाडताना तोंड धुऊन धाडा.’ सरांनी मान्य केलं. सकाळची गोळी सरांनी द्यायची, संध्याकाळची जाधवांनी, पट्टा आता दोन्हीकडे अंगावर राहील, हेही तिथेच ठरलं. जे जनावर डोळे उघडत नव्हतं, त्याच्या पुढच्या वर्षांची वाटणी ती दोघं करत होती, आणि मला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी मंदाताईंनी अन्न घेतलं नाही. तो उठेपर्यंत खाणार नाही म्हणाल्या. सर घरून चहाचा थर्मास आणायचे, तेवढा घ्यायच्या. मी दोनदा बोलायचं ठरवलं आणि दोनदा कुणी ना कुणी मांजर घेऊन आलं. खरं तर मांजरांचा त्यात काही दोष नव्हता. बाहेर गावभर माझं नाव होतं. ज्या बाईने एकच कुत्रा दीड वर्ष हाताळून ओळखला नाही, तिच्याकडे लोक जनावर कशाला आणतील? हे गणित मी मनात मांडत होते आणि बाकावर एक बाई माझ्या चुकीसाठी उपाशी बसली होती. मला माझी इतकी किळस पुन्हा कधी वाटली नाही. तरी मी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोकं उचललं. पाणी प्यायला. दहाच्या सुमारास चार पायांवर उभा राहिला, डुलला, पडला, पुन्हा उभा राहिला. मंदाताई रडत होत्या आणि सर त्याच्या मागच्या पायांना आधार देत होते. नवऱ्याने टेम्पो दाराशी लावला. त्याच्या पुढच्या पायातली सलाईनची सुई काढायची तेवढी बाकी होती. मी चिकटपट्टी सोडवायला घेतली आणि गोळ्यांची नवी मात्रा समजावून सांगितली. सर नीट ऐकत होते. माझं सांगून झालं.

‘आणखी काही सांगायचं आहे, डॉक्टरबाई?’ ते म्हणाले.

मला वाटलं, पथ्याबद्दल विचारतात. मी पथ्य सांगितलं. सर तसेच माझ्याकडे पाहत उभे राहिले, न रागावता, काही घाई नसल्यासारखे. मग माझ्याने राहवलं नाही. मी खिशातले दोन्ही कागद काढून टेबलावर ठेवले आणि सगळं बोलून टाकलं. चूक तुमच्या दोघांची नाही, माझी आहे. तुम्हाला एकमेकांची घरं माहीत नव्हती, मला दोन्ही माहीत होती. मी नाव बघितलं, आडनाव बघितलं, कोण रिक्षातून आलं आणि कोण टेम्पोतून आलं ते बघितलं, याच्याकडे बघितलंच नाही. सर आले नसते तर त्या दिवशी तो माझ्या हातून गेला असता. आणि दोन दिवस मी तुम्हाला हे सांगितलं नाही.

कुत्रा कदमभाऊंच्या कुशीत धापा टाकत होता. मग मंदाताई पदराने तोंड पुसत म्हणाल्या,

‘आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, म्याडम.’

मी विचारलं, कसं?

‘तुम्ही कागद ठेवले तवाच सरांनी वळखलं. दोन्हीवर तुमचंच अक्षर. मला बाकावर सांगितलं तसं मी भांडायला उठले होते, लय राग आला होता. सरांनी हात धरून बसवलं. म्हणले, ताई, आता बोलू नका. बोललो तर बाईंचा हात कापायला लागंल, अन् आपला जीव त्याच हातात हाय.’

मी सरांकडे पाहिलं. ते कुत्र्याचे कान कुरवाळत होते. तो घरी जाईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं आम्ही, ते म्हणाले, आणि तुम्ही आपण होऊन सांगितलं तर बरं, असं वाटत होतं. मंदाताईंच्या उपासाचं मी विचारलं. तो त्याच्यासाठी होता, त्या म्हणाल्या, तुमच्यासाठी नाय.

मी पुन्हा सुईकडे वळले. चिकटपट्टीचं टोक मला सापडेना. दोन्ही हात मनगटापासून थडथडत होते, एकाने दुसरा धरला तरी थांबेनात. सगळे बघत होते. सुई शेवटी कदमभाऊंनी काढली.